डावा गाल

त्या वर्षी पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना. नदी गढूळ झाली, पेंढ्याच्या गंजी आतून वाफाळू लागल्या, आणि कारखान्यातला कागद काही केल्या सारखा वाळेना. एकाच गुंडाळीत वरचे चार वेढे कुरकुरीत, तर आतले दमट. कामगारांच्या अंगावरचे कपडे वाळत नव्हते, तिथं कागदाचं काय घेऊन बसलात!

कागद तापल्या पिंपांवरून वाळून उतरला की त्याची गुंडाळी व्हायची. ती एक दिवस मुरवणखोलीत पडून राहायची आणि मग रुळांखाली जायची. एकावर एक पाच रूळ, एक लोखंडाचा, एक दाबून दाबून दगडासारख्या केलेल्या कापडाचा, पुन्हा लोखंडाचा. साहेब लोक त्या यंत्राला कॅलेंडर म्हणत, कामगार नुसतं रूळ म्हणत. खरखरीत, निस्तेज कागद वरून आत जाई आणि त्या चेंगराचेंगरीतून खाली येईस्तोवर गुळगुळीत, चकचकीत होऊन जाई. पण रुळांचे नखरे फार. कागद त्यांना नेमक्या ओलीचा लागे. कोरडा असला तर चकाकी धरत नाही, भुकटी उडते, घडी घातली की कडकन मोडतो. ओला असला तर दाबाखाली काळवंडतो, तेल सांडल्यासारखे करडे डाग पडतात, आणि ते डाग मग कोणाच्या बापाला निघत नाहीत.

ती नेमकी ओल ओळखायचं काम म्हाताऱ्याकडं होतं. ओल मोजायचं एक यंत्रही होतं, पण त्यात पाणी शिरल्यापासून ते कायम एकच आकडा दाखवी. ते मुकादमाच्या टेबलाला लावलं तरी तोच आकडा. म्हाताऱ्याची बोटं घट्टे पडून लाकडासारखी झालेली. तो गुंडाळीचं मोकळं टोक उचली, डोळे मिटी आणि कागद डाव्या गालाला लावी. उजव्या गालावर तरुणपणी वाफेचा फटकारा बसला होता, तिथली कातडी जाड आणि मेलेली. सगळा हिशेब डाव्या गालाचा. गार लागला तर ओला, चरचरला तर कोरडा, आणि झोपेतून उठवलेल्या लेकराच्या कपाळासारखा लागला तर तो हात वर करून म्हणे, "घाला." तीस वर्षं हे चाललं होतं. कारखान्यात त्याला सगळे गालवाले म्हणत आणि त्याला ते आवडे.

रुळांवर उभा राहायचा तो त्याचा मुलगा. बाप म्हणेल तो कागद घालायचा, दाब सांभाळायचा, रूळ पुसायचे. पंधरा वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. सून समोरच्या निवडखान्यात कागद निवडायची, डागाळलेला एकीकडं, चांगला एकीकडं. तिघंही कारखान्याच्याच दोन खोल्यांत राहत. भिंत ओलीनं फुगलेली, दार लावताना खांद्यानं रेटावं लागे.

पावसाच्या सुरुवातीला एका सकाळी म्हातारा नळावर तोंड धुता धुता कलंडला. तोंड वाकडं झालं, शब्द चावल्यासारखे यायला लागले. आठ-दहा दिवसांत बोलणं ताळ्यावर आलं, चालणंही. कारखान्यात त्यांनी ताप आल्याचं सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलाला वाटलं, बाप बरा झाला. सुनेला तसं वाटलं नाही, कारण म्हाताऱ्याला चहा देणारी तीच होती. चहा डाव्या ओठातून ओघळून हनुवटीवर यायचा, शर्टावर पडायचा, आणि त्याचा त्याला पत्ता नसायचा. मग एक दिवस त्याच्या डाव्या गालावर माशी बसली. ती गालावरून चालली, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी थांबली, परत ओठापर्यंत आली. म्हातारा नदीच्या पुराबद्दल बोलतच राहिला. सुनेचा हात भांड्यातच थांबला.

तिनं कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगावं तर तो आधी ओरडणार आणि मग जाऊन बापाला विचारणार. म्हाताऱ्याला सांगावं तर तो अन्नाला शिवणार नाही. दुसऱ्या दिवसापासून ती भोंग्याच्या आधी पंधरा मिनिटं कारखान्यात जायला लागली. मुरवणखोली निवडखान्याला लागूनच होती. ती एकेक गुंडाळी गालाला लावून बघायची. पहिल्या दिवशी तिला काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ओला आणि कोरडा एवढं कळलं. आठवड्यानंतर मधलंही कळायला लागलं. दहा वर्षं दुसऱ्याचे डाग निवडून तिची नजर तयार होती, आता गालही झाला.

मग एका संध्याकाळी भांडी विसळताना ती सहज बोलल्यासारखी बोलली.

"मामंजी, ओल्या गुंडाळीचं टोक मी बाहेर दुमडून ठेवत जाते. येता-जाता फाटू नये म्हणून."

म्हाताऱ्यानं तिच्या हातातल्या भांड्याकडं पाहिलं.

"आणि कोरडीचं?"

"आत दुमडते."

"चांगली असेल तर?"

"चांगलीला कशाला हात लावायचा?"

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. त्या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं.

आणि गाडा सुरळीत चालला. म्हातारा टोकाकडं नजर टाकी, मग डोळे मिटून मोठ्या थाटात कागद गालाला लावी, थोडा थांबे, आणि "घाला" नाहीतर "राहू द्या" म्हणे. मुकादम म्हणायचा, "गालवाले, तुमच्या गालाचा विमा उतरवायला हवा." म्हातारा हसायचा. हसताना तोंड एकाच बाजूला जायचं, पण असल्या गोष्टी बघायला सून सोडून कोणाला वेळ होता?

एका छापखान्याचं मोठं काम आलं होतं. जाड, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी चकाकणारा कागद हवा होता. अकरा गुंडाळ्या मुरायला ठेवल्या होत्या. त्या दिवशी सून फाटकातून आत शिरली तर मुकादम छत्री घेऊन वाटेतच उभा.

"तू आज चिंध्याखान्यात जा. तिथल्या दोघी तापानं पडल्यात."

"जाते. आधी निवडखान्यात डोकावून येते दोन मिनिटं. माझा रुमाल राहिलाय तिथं."

"चिंध्याखान्यात रुमालांना काय तोटा? हवे तेवढे घे," मुकादम म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. "चल, चल. यंत्र उभं आहे."

चिंध्याखाना आवाराच्या दुसऱ्या टोकाला. कागदाच्या लगद्यासाठी जुने कपडे फाडायचे, गुंड्या काढायच्या, शिवण उसवायची. धुळीनं नाक भरून यायचं. सुनेचं मन थाऱ्यावर नव्हतं, पण ती स्वतःलाच समजावत होती. मामंजी शहाणे आहेत. आज खुणा दिसल्या नाहीत की समजतील मी आले नाही. पोटात दुखतंय म्हणतील, काहीतरी काढतील, आजचा दिवस ढकलतील. एक कॉलर उसवून झाली, दुसरी घेतली. आणि कात्री हातातच राहिली.

खूण नाही म्हणजे चांगली. हे तर तिनंच ठरवलं होतं.

ती उठली आणि पावसातून धावत सुटली. अर्ध्या आवारात आली तेव्हा पायाखालची जमीन थरथरायची थांबली. रूळ फिरत असले की सगळ्या आवारात एक बारीक कंप असायचा. तो नव्हता. आता धावून उपयोग नव्हता, तरी ती धावली.

आत काय झालं होतं ते तिला सगळ्यांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. पहिली गुंडाळी खालून करडी यायला लागली तेव्हाच मुलगा ओरडला होता, "बाबा, काळवंडतोय!" म्हातारा म्हणाला, "तुझे रूळ तापलेत. दाब कमी कर. कागद चांगला आहे." मुलानं दाब कमी केला. दुसरी गुंडाळी घातली, तीही डागाळली. "बाबा, पुन्हा एकदा बघता का?" म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर पुन्हा टोक गालाला लावलं. "मला शिकवतोस? घाल." तिसरीला ओला कागद मध्येच तुटला, रुळाला चिकटला, गोळा होऊन दोन रुळांच्या मध्ये गेला आणि कापडाच्या रुळावर दोन बोटं रुंद खळगा पाडून बाहेर आला. आता रुळाच्या दर फेऱ्याला कागदावर तो खळगा उमटणार. नवा रूळ लांबून यायचा, तीन महिने तरी लागणार, तोवर उरलेल्या रुळांवरच काम भागवायचं.

मुलगा रुळाच्या खळग्यावर हात ठेवून उभा होता. म्हातारा भिंतीशी बाकावर बसला होता आणि एकसारखं म्हणत होता, "कागद चांगला होता. मी सांगतो ना, कागद चांगला होता." सून दारात निथळत उभी राहिली. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली. त्यानं तोंड फिरवलं.

"गालवाल्यांचा कागद तीस वर्षांत चुकला नाही," मुकादम मुलाला म्हणाला. "म्हणजे दाब चुकला. म्हणजे तू. उद्या सकाळी कार्यालयात ये, तुझं काय करायचं ते सांगतो."

संध्याकाळी घरात चूल पेटली, पण जेवणाकडं कोणाचं लक्ष नव्हतं. मुलगा पाणी आणायला बाहेर गेला तेवढ्यात सुनेनं विषय काढला.

"मामंजी, मला आज चिंध्याखान्यात पाठवलं होतं. मी गुंडाळ्यांपर्यंत पोचलेच नाही."

"मला काय त्याचं?"

"टोकं दुमडली नव्हती, कारण दुमडणारं कोणी नव्हतं."

"मी टोकं बघून कागद ओळखतो असं म्हणायचंय तुला?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "मला लागला तो गालाला. चांगला लागला."

"मामंजी, ते उद्या ह्यांना काढून टाकतील."

"तरुण आहे. दुसरीकडं बघेल काम." मग तो हळू आवाजात म्हणाला, "मला कोण घेणार?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सुनेला त्या क्षणी त्याचा राग आला नाही, कीव आली. राग नंतर आला, चांगला दणदणीत आला. पंधरा वर्षं हा मुलगा बापाच्या हाताकडं बघत उभा राहिला आणि बाप त्याला रुळाखाली घालायला निघाला होता.

नवरा घागर ठेवून बसला तेव्हा तिनं त्यालाही सगळं सांगितलं. नळावर पडले त्या दिवसापासून ते आजच्या टोकांपर्यंत. आतल्या खोलीत म्हातारा ऐकत होता, ते तिघांनाही माहीत होतं. नवरा ओरडला नाही. तो ओल्या भिंतीचा पोपडा नखानं काढत बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तुम्ही काय केलं असतं?"

त्यानं पोपडा बोटांत चुरला. "मी जातो सोडून," शेवटी तो म्हणाला. "बापाला चारचौघांत खोटं पाडून रुळावर उभं राहायचं? माझ्यानं नाही होणार."

"आणि जाणार कुठं? रूळ बिघडवून काढलेला माणूस म्हणून कळलं की कोण आपल्या रुळाजवळ उभं करेल तुम्हाला? हमाली करणार?"

"करेन."

"आणि इथं? पुढच्या आठवड्यात पुन्हा कागद काळा पडेल. तेव्हा मामंजींचं कोण झाकणार?"

"तू गप्प बस," तो म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ. तू उद्या तोंड उघडायचं नाहीस." ती गप्प बसली. होकार मात्र तिनं दिला नाही.

सकाळी कार्यालयात जागा नव्हती म्हणून मुकादमानं सगळ्यांना रुळांपाशीच बोलावलं. हातात मुलाला कामावरून काढायच्या कागदांची चळत, वर टाचणी लावलेली. रुळांवरचे, वाळवणीवरचे, निवडखान्यातल्या बायका, बरेच लोक कामाचं निमित्त काढून आजूबाजूला उभे होते. दुसऱ्याची फजिती बघायला माणसाला कधी निमंत्रण लागत नाही.

"गालवाले, शेवटचं विचारतो," मुकादम म्हणाला. "कागद कसा होता?"

"चांगला होता."

"तुला काही सांगायचंय?"

मुलगा खाली बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

"मग सही कर इथं."

"थांबा," सून म्हणाली. आपला आवाज एवढा मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. "कागद ओला होता. मामंजींना कळला नाही. त्यांच्या डाव्या गालाला काही कळत नाही. महिना-दीड महिना झाला."

नवऱ्यानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"नवऱ्याला वाचवायला बोलतेय ती," म्हातारा म्हणाला. "बोलू द्या. बाईमाणूस आहे, तिचा जीव तुटणारच."

बायकांत कुजबुज झाली. मुकादम दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं एकाला वाळवणीवर पाठवलं आणि कागदाचे दोन तुकडे मागवले, एक ओलसर, एक खडखडीत. "डोळे मिटा, गालवाले. आत्ता निकाल लागेल."

म्हाताऱ्यानं बाकावर ताठ बसून डोळे मिटले. मान किंचित उजवीकडं वळवून डावा गाल पुढं केला. मुकादमानं पहिला तुकडा उचलला. तुकडा कडकडला. सुनेनं तो आवाज ऐकला, आणि म्हाताऱ्यानंही ऐकला हे त्याच्या भुवईवरून तिला दिसलं. कागद गालाला टेकला.

"कोरडा," म्हातारा म्हणाला.

दुसरा तुकडा आवाज न करता आला. "ओला. पिळून काढा."

लोक हसले. कोणीतरी टाळीही वाजवली. "झालं समाधान?" मुकादम सुनेला म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला चव्हाट्यावर आणलंस, काय मिळालं?" त्यानं चळत मुलापुढं केली. मुलानं पेन घेतलं. म्हातारा अजून डोळे मिटून बसला होता. जिंकला होता, अजून दहा तुकडे आणा म्हणाला असता. "आणखी लावा," तो म्हणालाच. "तिची खात्री पटू द्या."

सुनेनं पुढं होऊन चळतीवरची टाचणी उपसली. काय होतंय ते कोणाला कळायच्या आत ती म्हाताऱ्यासमोर वाकली आणि तिनं टाचणी त्याच्या डाव्या गालात खुपसली. अर्धी आत गेली. तिचा हात थरथरला नाही, आणि ह्याबद्दल तिनं स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

रक्ताचा एक थेंब आला, फुगला आणि खाली ओघळला.

"लावा ना," म्हातारा म्हणाला. "थांबलात का?"

कोणी हललं नाही. मुकादमाचं तोंड उघडंच राहिलं. रक्त हनुवटीपर्यंत आलं.

"कुठला तुकडा आणायला गेलात? लावा म्हणतो ना."

"बाबा," मुलगा म्हणाला. त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. "बाबा, डोळे उघडा."

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. आधी त्याला सुनेचा चेहरा दिसला, मग बाकीचे. सगळे त्याच्या गालाकडं बघत होते. त्यानं हात वर नेला. घट्टे पडलेल्या बोटांना टाचणीचं डोकं सापडायला थोडा वेळ लागला. त्यानं ती उपटून काढली, डोळ्यांजवळ धरून पाहिली, शर्टाला पुसली आणि मुकादमाच्या हातावर ठेवली.

"तुमची टाचणी," तो म्हणाला.

मुकादमानं निकाल लांबवला नाही. मुलगा रुळांवर राहील. गालवाल्यांनी उद्यापासून घरीच बसावं. सुनेनं भोंग्याला मुरवणखोलीत हजर व्हावं, कारण गुंडाळ्या काही गालाशिवाय रुळांखाली जाणार नाहीत. हे सगळं तो म्हाताऱ्याकडं न बघता बोलला. बायका सुनेला वाट देताना जरा जास्तच बाजूला सरकल्या.

नवरा घरी आला तो थेट बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. तिनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. "नोकरी राहिली ना तुमची," ती म्हणाली. तो म्हणाला, "राहिली," आणि त्यानं डोळ्यांवर हात घेतला. ती बराच वेळ ताटापाशी बसून राहिली. तिला रडायचं होतं, पण घरात रडायचा हक्क आज आपला नाही, असं तिला वाटत होतं.

पाऊस थोडा उघडला होता. म्हातारा मागच्या पायरीवर बसला होता. सकाळपासून तो बोलला नव्हता, त्यानं पाणीही घेतलं नव्हतं. गालावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं आणि शर्टाच्या कॉलरपर्यंत त्याची रेघ गेली होती. त्यानं ते पुसलं नव्हतं. बहुधा ते तिथं आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

सुनेनं कोमट पाणी आणि फडकं आणलं. तो उठून जाईल असं तिला वाटलं. तो उठला नाही. ती त्याच्या डाव्या बाजूला बसली, फडकं भिजवून पिळलं आणि कॉलरपासून वर हळूहळू पुसायला लागली. रक्त घट्ट बसलं होतं. सुटायला वेळ लागत होता. म्हातारा समोरच्या चिखलाकडं बघत होता.

"पुसतेयस का?" त्यानं विचारलं.

"हो, मामंजी."

"हं." थोड्या वेळानं तो म्हणाला, "झालं की सांग."